भट्टीपाशीही ४१ आणि बाहेरही ४१? शेडमधली उष्णता मोजायची कशी

प्रश्न: जालना_रोलिंग

जालन्यातली छोटी री-रोलिंग मिल. पत्र्याचं शेड, मधोमध बिलेट (पोलादाचे लांब ठोकळे) तापवायची भट्टी, पुढे ते दाबून लांबवणारा रोल स्टँड, शेवटी तापलेला माल गार करायचा कूलिंग बेड. बाजारात मिळतो तसला डिजिटल तापमान-आर्द्रता मीटर खांबाला लावलाय. दुपारी दोनला भट्टीपासून तीन मीटरवर तो ४१ अंश आणि आर्द्रता २० टक्के दाखवतो. बाहेर सावलीतही ४१च. मालकांचं म्हणणं असं की बाहेर जेवढं तापतंय तेवढंच आत आहे, मग भट्टीवरच्या माणसांना वेगळी विश्रांती कशाला? पण चिमटा धरणारा माणूस दहा मिनिटांत मागे सरकतो. शर्ट भिजून अंगावरच वाळतो आणि पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात.

तीन गोष्टी हव्यात. मीटर चुकतोय का? नक्की कोणता आकडा धरायचा? आणि भट्टीपुढे माणसाला सलग किती वेळ ठेवायचं? महागडं यंत्र आज तरी घेता येणार नाही.

उत्तर: मोजमाप_वाळूज

मीटर बरोबर आहे, पण तो फक्त हवेचं सांगतो. अंगावर येणारा ताण सहा गोष्टींनी ठरतो: हवेचं तापमान, आर्द्रता, वारा, समोरून येणारी किरणांची धग, अंगमेहनत आणि कपडे. भट्टीपाशी खरा मार धगीचा असतो. ती हवेला फारशी न तापवता थेट कातडीवर येऊन आदळते. मालकांना पटवायचं असेल तर भट्टीच्या तोंडासमोर उभं करून चेहऱ्यापुढे पुठ्ठा धरायला सांगा. हवा तीच, ४१चीच, पण चेहऱ्याला लगेच उतार पडतो. पुठ्ठ्याने अडवलं तेच तुमच्या मीटरला दिसत नाही.

मोबाईलवरचा ‘जाणवणारं तापमान’ हा आकडाही इथे कामाचा नाही. तो बहुतेकदा सावली आणि हलका वारा गृहीत धरून काढतात. हवामान खात्याचं तापमान तर पांढऱ्या झडपांच्या पेटीत, मोकळ्या जागेवर, सावलीत मोजलेलं असतं. तुमच्या शेडचा त्याच्याशी संबंध नाही.

धरायचा आकडा म्हणजे डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर): ओली वात लावलेला थर्मामीटर, म्हणजे ‘ओला पारा’, आणि काळ्या गोळ्यातला थर्मामीटर यांचं मिळून काढलेलं तापमान. १९५०च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण छावण्यांत जवान उन्हाने कोसळत होते, त्यावर उपाय म्हणून तो बांधला गेला. आज आयएसओ ७२४३ हे आंतरराष्ट्रीय मानक त्यावरच उभं आहे. शेडच्या आत सूत्र असं: ०.७ × नैसर्गिक ओला पारा + ०.३ × काळ्या गोळ्याचं तापमान. थेट उन्हात काम असेल तर ०.७ ओला, ०.२ गोळा आणि ०.१ साधी हवा.

घरगुती जुळणी जमते. एका तिवईला तीन थर्मामीटर लावायचे. अर्ध्या अंशाच्या खुणा असलेले घ्या. गोळ्याचा थर्मामीटर १०० अंशांपर्यंतचा हवा, ५०वाला भट्टीपुढे फुटतो.

काळा गोळा: १५० मिमी व्यासाचा, पातळ तांब्याच्या पत्र्याचा, आतून पोकळ. भांडी घडवणारा कारागीर दोन अर्धगोल जोडून देतो. बाहेरून मॅट काळा रंग. चमकदार काळा चालत नाही, तो धग परतवतो. थर्मामीटर रबरी बुचातून असा बसवा की त्याचा फुगा बरोबर गोळ्याच्या मध्यावर येईल.

ओला पारा: थर्मामीटरच्या फुग्यावर सुती वात. ती फुग्याच्या वरही आणखी एका फुग्याइतकी चढलेली हवी, नाहीतर दांडीतून उष्णता खाली उतरते आणि आकडा वाढतो. नव्या कापडाला खळ असते, म्हणून वात आधी साबणाच्या पाण्यात उकळून स्वच्छ धुवा. खालचं टोक छोट्या बाटलीत, बाटलीचं तोंड आणि फुगा यांत साधारण २५ मिमी अंतर. पाणी डिस्टिल्डच, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने दोन दिवसांत वातीवर क्षार धरतात आणि ती पाणी ओढेनाशी होते. वाचनाच्या अर्धा तास आधी वात पूर्ण ओली करून ठेवा. पंख्याने वारा घालू नका. ‘नैसर्गिक’ याचा अर्थच तो: माणसाला जेवढा वारा आणि जेवढी धग लागते तेवढीच त्या वातीलाही लागू द्यायची.

साध्या हवेच्या थर्मामीटरला मात्र धगीपासून आडोसा द्या, पण हवा खेळती राहील असा.

तिवई माणूस उभा राहतो त्याच जागी, पोटाच्या उंचीवर, म्हणजे १.१ मीटरवर ठेवा. काम अडत असेल तर भट्टीपासून तेवढ्याच अंतरावर, लगेच शेजारी. डोकं, पोट आणि घोटा यांना लागणाऱ्या धगीत फरक असेल तर १.७, १.१ आणि ०.१ मीटरवर वेगवेगळं मोजायचं, पोटाचा आकडा दोनदा धरायचा आणि चौघांची सरासरी काढायची. कूलिंग बेडपाशी हे लागेलच, तिथे धग खालून येते. १५० मिमीच्या गोळ्याला स्थिर व्हायला २० ते २५ मिनिटं लागतात. त्याआधी वाचू नका.

उत्तर: परभणी_जिनिंग

वाळूजकरांनी सगळं सांगितलंय, एक भर घालतो. मे महिन्याचं मोजून झालं की काम संपलं असं समजू नका. आपल्याकडे खरा घात जूनमध्ये, पाऊस लांबल्यावर होतो.

हिशेब करून बघा. मेमध्ये भट्टी नसलेल्या साध्या पत्र्याच्या शेडमध्ये हवा ४२, ओला पारा २४.५, गोळा ४५ असेल तर डब्ल्यूबीजीटी ३०.७ येतो. जूनमध्ये हवा ३५वर उतरते, सगळे म्हणतात गार झालं. पण आर्द्रता ५५ टक्के झाली की ओला पारा २८च्या घरात जातो. गोळा ४० धरला तरी डब्ल्यूबीजीटी ३१.६. थर्मामीटर सात अंशांनी उतरला आणि ताण वाढला. घाम गळतो पण वाळत नाही, आणि गारवा घाम वाळण्यानेच येतो.

डेझर्ट कूलरचंही तेच. मेच्या कोरड्या हवेत चांगला खस असलेला कूलर ४१ची हवा २८-२९वर आणतो. जूनमध्ये तोच कूलर दमटपणा तेवढा वाढवतो. आणि कूलर लावलेल्या खोलीची समोरची खिडकी उघडी हवीच. ‘गारवा जाईल’ म्हणून ती बंद केली की तासाभरात आत वाफारा.

पंख्याबद्दल: कातडीचं तापमान साधारण ३५ असतं. हवा त्याहून गरम असेल तर पंखा घाम वाळवतो खरा, पण सोबत गरम हवाही अंगावर फेकतो. ४१-४२ला कोरड्या अंगावर नुसता पंखा उपयोगाचा नाही. अंग किंवा उपरणं ओलं करून मग पंख्यापुढे बसा.

जालना_रोलिंग

दोघांचे आभार. जुळणी करून आज वाचन घेतलं. हवा ४१, ओला पारा ३८, गोळा ४३. सूत्राने ३९.५ येतो. हे बरोबर आहे का? तिवई भट्टीपासून तीन मीटरवर, खांबाला टेकून होती. दहा मिनिटं थांबून वाचलं. दुसरं, इन्फ्रारेड गनने भट्टीची भिंत मोजली तर चालेल का?

मोजमाप_वाळूज

ओला ३८ शक्य नाही. ४१ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला वाऱ्यात धरलेला ओला पारा २३-२४च्या आसपास येतो. धगीमुळे नैसर्गिक ओला पारा त्याच्या दोन-चार अंश वर जाईल, चौदा अंश नाही. तुमची वात कोरडी पडली आहे. चिमटीत धरून बघा. फुग्यापाशी कडक लागली आणि खाली बाटलीपाशी ओली असली, तर एकतर खळ राहिली आहे किंवा वात लांब पडली आहे. भट्टीपुढे पाणी वर चढण्याआधीच उडून जातं. वात आखूड करा, बाटली वर घ्या आणि वाचनाच्या आधी ड्रॉपरने वात पूर्ण भिजवा.

गोळा ४३ हाही कमी आहे, त्याची कारणं तुम्हीच लिहिली आहेत: दहाच मिनिटं थांबलात, खांबाची आड आली आणि तीन मीटरवर मोजलंत. माणूस कुठे उभा राहतो? दीड मीटरवर असेल तर तिवई दीड मीटरवर. भट्टीचं दार उघडं असताना आणि बंद असताना, दोन्ही धरून पूर्ण तासाची सरासरी घ्या. नुसतं दार बंद असताना घेतलेला आकडा फसवा असतो. मिलची काळी धूळ गोळ्यावर बसते, तीही हलक्या ब्रशने झाडा. हात लावून पुसत राहिलं की रंगाला चकाकी येते.

इन्फ्रारेड गन पृष्ठभागाचं तापमान सांगते, माणसावरचा ताण नाही. धग कुठल्या भागातून येते ते शोधायला मात्र छान. एक धोका लक्षात ठेवा: चकचकीत ॲल्युमिनियमवर गन रोखली तर ती फार कमी आकडा दाखवते, कारण तिला पत्र्याऐवजी समोरचं प्रतिबिंब दिसतं. तसल्या पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा.

जालना_रोलिंग

चूक सापडली, वातच होती. नवीन वाचन, माणसाच्या जागेवर, तासाभराची सरासरी: हवा ४१, ओला २७, गोळा ५२. माणसं जिथे बसतात त्या शेडच्या कोपऱ्यात ओला २५, गोळा ४२. आता सध्या २० मिनिटं काम, ४० मिनिटं बसणं असं चाललंय. एवढं पुरेसं आहे ना?

मोजमाप_वाळूज

आता आकडे पटतात. भट्टीपाशी ०.७ × २७ + ०.३ × ५२ = ३४.५. कोपऱ्यात ०.७ × २५ + ०.३ × ४२ = ३०.१.

मर्यादा मेहनतीवर, म्हणजे शरीर किती वॅट ऊर्जा खर्चतं त्यावर ठरते. आयएसओ ७२४३ प्रमाणे उन्हाळ्याला सरावलेल्या माणसासाठी: विश्रांतीला (सुमारे ११५ वॅट) ३३, हलक्या कामाला (१८०) ३०, मध्यम (३००) २८, जड (४१५) २६, अतिजड (५२०) २५. न सरावलेल्या माणसासाठी हेच ३२, २९, २६, २३ आणि २०. हे साध्या सुती कामाच्या कपड्यांसाठी. कापडाचे दोन थर घातले तर मोजलेल्या आकड्यात ३ मिळवा. हवा न जाणारा प्लास्टिकसारखा सूट असेल तर ११. म्हणून जाड जॅकेट वाटण्याआधी दोनदा विचार करा.

तुमचा चिमटेवाला जड कामात मोडतो. ३४.५ हे २६च्या कितीतरी वर आहे, सलग काम चालणारच नाही. आता तासाची सरासरी काढू:

(२० × ३४.५ + ४० × ३०.१) ÷ ६० = ३१.६

मेहनतीची सरासरी: (२० × ४१५ + ४० × ११५) ÷ ६० = २१५ वॅट. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेचं सूत्र आहे: मर्यादा = ५६.७ − ११.५ × लॉग(वॅट), लॉग १० या पायाचा. २१५ला ती २९.९ येते. म्हणजे चाळीस मिनिटं बसूनही तुमची माणसं मर्यादेच्या दीड-पावणेदोन अंश वर आहेत. घोळ कामात जेवढा आहे तेवढाच बसण्याच्या जागेत आहे. त्या कोपऱ्यात वर तापलेला पत्रा आणि समोर उघडी भट्टी, तिथे शरीर उतरत नाही.

फक्त बसायची जागा बदला. भट्टी दिसणार नाही अशी भिंतीआडची खोली, छताला आतून थर्माकोल किंवा बांबूची तट्टी, कूलर, समोरची खिडकी उघडी. तिथे ओला २४, गोळा ३३ मिळाला तर डब्ल्यूबीजीटी २६.७. आता तासाची सरासरी २९.३, मर्यादेच्या खाली. काम तेवढंच, विश्रांती तेवढीच.

पुढची पायरी धगीला आड. माणूस आणि भट्टी यांच्यामध्ये चकचकीत ॲल्युमिनियमचे दोन पत्रे, मधे ५० मिमी मोकळी जागा, खाली-वर उघडं म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाते. बघायला आणि चिमटा घालायला फट ठेवा. गोळा ५२चा ४४ झाला तर भट्टीपाशीचा आकडा ३४.५वरून ३२.१. मग २५ मिनिटं काम आणि ३५ मिनिटं विश्रांती बसते (सरासरी २९.०, मर्यादा २९.३). अर्धा-अर्धा तास मात्र बसत नाही: सरासरी २९.४ आणि मर्यादा २८.८. पत्रा काळवंडला की त्याचं काम संपलं, आठवड्याला पुसायचाच.

मालकांसमोर हे उत्पादनाच्या भाषेत मांडा. विश्रांतीची खोली केली तर माणसाला भट्टीपुढे उलट जास्त मिनिटं मिळतात. आणि गरम प्रक्रिया वेगळी काढा किंवा तापलेले भाग उष्णतारोधकाने झाका, हे १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या (२०२५पर्यंत लागू) कलम १३मध्येही सांगितलेलं होतं.

उत्तर: कामगार_आरोग्य_लातूर

आकडे जागेचे झाले, आता माणसाचे. एकाच जागी, एकाच कामावर दोघांच्या अंगावर वेगवेगळा परिणाम होतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध), सर्दीच्या काही गोळ्या, काही मानसिक आजारांची औषधं, आदल्या रात्रीची दारू किंवा जुलाब, यातलं काहीही असेल तर मर्यादा खाली येते. अशा माणसाला भट्टीवरून हलवा. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारून.

नाडी हे सर्वांत स्वस्त यंत्र. काम थांबवून बसल्यावर ३०व्या सेकंदापासून ६०व्यापर्यंत ठोके मोजा, दुप्पट करा. परत अडीच मिनिटांपासून तीनपर्यंत मोजा, दुप्पट करा. दुसरा आकडा ९० किंवा जास्त असेल आणि दोघांत १०चाही फरक पडला नसेल, तर शरीर सावरत नाहीये. काम-विश्रांतीचं गणित काहीही म्हणो, त्या माणसाला जास्त विश्रांती लागेल. काम करताना नाडी ‘१८० वजा वय’ याच्या वर काही मिनिटं टिकली तर लगेच थांबवा.

शिफ्टच्या आधी आणि नंतर घाम पुसून वजन करा. दीड टक्क्याहून जास्त घटलं, म्हणजे ६० किलोच्या माणसात ९०० ग्रॅम, तर पाणी कमी पडलंय. दर १५-२० मिनिटांनी एक पेला, २०० ते २५० मिली, तहान लागायची वाट न बघता. तासाला दीड लिटरच्या वर नको, नुसतं पाणी भरमसाट प्यायल्यानेही रक्तातलं मीठ उतरतं. जेवण नीट असेल तर ताक आणि रोजच्या जेवणातलं मीठ बहुतेकांना पुरतं. फार घाम जात असेल तर ओआरएस, पाकीट एका लिटरसाठीचं असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या लिटरमध्ये पाकीट रिकामं करतात ते चूक. मिठाच्या गोळ्या देऊ नका. खिशात कांदा ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर पाणी मागे पडू देऊ नका. आणि मुतारी लांब किंवा घाण असेल तर माणसं, विशेषतः बाया, पाणी पितच नाहीत. माठ कितीही गार असला तरी.

नवा माणूस पहिल्या दिवशी भट्टीवर २० टक्के वेळ, मग रोज २० टक्के वाढ. जुना माणूस लग्नसराईला आठ-दहा दिवस गावी जाऊन आला तर त्याचाही सराव उतरलेला असतो: पहिला दिवस ५०, मग ६०, ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. हे दोन-चार दिवसच सर्वांत धोक्याचे.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, चिडचिड करायला लागला, तर तो उष्माघातच समजा. घाम चालू आहे म्हणून गाफील राहू नका, मेहनतीच्या उष्माघातात अंग ओलं असू शकतं. एकाने १०८ला फोन, बाकीच्यांनी लगेच गार करायला घ्या. गाडी येईपर्यंत थांबू नका.

जालना_रोलिंग

गार करायला टब वगैरे काही नाही आमच्याकडे. नुसतं पाणी ओतलं तर चालेल? आणि तोंडाने पाणी किंवा तापाची गोळी?

कामगार_आरोग्य_लातूर

टब नसला तरी ताडपत्री असेलच. बूट-शर्ट काढून माणसाला ताडपत्रीवर झोपवा, चार-पाच जणांनी कडा वर धरून द्रोण करा, त्यात पाणी आणि बर्फ ओता आणि पाणी हलवत राहा. एकाने डोकं पाण्याबाहेर धरून ठेवायचं. बर्फ कमी असेल तर मान, काखा आणि जांघेत, वर पंखा आणि सतत पाणी. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काहीही द्यायचं नाही, ठसका लागून फुप्फुसात जातं. पॅरासिटामॉल या तापावर चालत नाही, देऊ नका. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.

घडी घातलेली ताडपत्री आणि दोन बादल्या विश्रांतीच्या खोलीत वेगळ्या ठेवा, मालावर झाकायला काढून नेऊ देऊ नका. मार्च ते जून रोज सकाळी बर्फाची एक लादी आणून थर्माकोलच्या पेटीत ठेवा. संध्याकाळी उरलेली पाण्यात टाकली तरी वाया जात नाही.